वाळवण

वाल्दिव्हियात काहीच नीट वाळत नाही.
मोजे नाहीत, सरपण नाही,
कुत्रा तर मुळीच नाही.
नदीवरून ओल येते, दार न वाजवता,
गिऱ्हाइकाच्या आधी आत.

म्हणून मी पेटी घेतली, हप्त्यांवर.
स्टीलची, काचेच्या दाराची, आत गरम वारा.
कुत्रा ठेवा, बटण दाबा, दुसरा धुवायला घ्या.
विकणारा म्हणाला, नोल्फा, तुझ्या दोन हातांचे चार होतील.

ओयार्सुन साहेब जूनमध्ये येतात, नगरपालिकेकडून,
दिवस कलता कलता, काखेत फाइल.
टेबलावरचा गळपट्टा एका झटक्यात सुटतो का
ते स्वतः ओढून बघतात.
कात्र्या उकळता की नुसत्या पुसता?
नखातून रक्त आलं तर पावडर कुठाय? दाखवा.
या बाटलीवर चिठ्ठी नाही. लावा.
नळाखाली मनगट धरतात,
बाळंतिणीच्या खोलीत पाणी बघतात तसं.

मग घड्याळ काढून ठेवतात,
बाही कोपरापर्यंत सारतात
आणि उजवा हात पेटीत घालून
दार जमेल तितकं लोटून घेतात.
पंधरा मिनिटं.
पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं.
दुसऱ्या वर्षी चहा विचारला, तर मानेनंच नको.
बोटं लाल होतात, मग शिरा वर येतात,
आणि ते काचेतून त्या हाताकडे
दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत राहतात.

यंदा सातव्या मिनिटाला लाइट गेली.
पंखा घरघरून थांबला.
हात त्यांनी बाहेर काढला नाही.

माझंही दुकान होतं, म्हणाले, पिकार्ते रस्त्यावर.
हेर्ता बाईंची कुत्री, चपट्या नाकाची. कानेला.
तिला आत ठेवलं, आणि लाकडांचा ट्रक आला.
उभं राहिलं नाही तर ट्रकवाला ओलं गळ्यात मारतो.
दोन घनमीटर. मोजून घेतलं.
एकेक ओंडका ठोकून पाहिला,
वाळलाय का.

एवढंच.
चपट्या नाकातून उष्मा बाहेर पडत नाही
हे या धंद्यात सगळ्यांना कळतं,
कुणाला आधी, कुणाला नंतर.
मी काही विचारलं नाही.
अंधारात नळ ठिबकत होता, तो बंद केला.

बाई आल्या, ते म्हणाले. तिला मांडीवर घेतलं.
पोटाखाली बोटं घालून बघितली, मग काखेत,
ओल राहते तिथे.
म्हणाल्या, छान वाळवलंय.
आणि ठरलेले पैसे मोजून ठेवले.
सुट्टे.

लाइट आली.
साहेबांनी घड्याळाकडे बघितलं
आणि पहिल्या मिनिटापासून पुन्हा मोजायला घेतलं.

नियम अकरा मला पाठ आहे, तो त्यांनीच लिहिलेला:
चपट्या नाकाचं जनावर पेटीत ठेवू नये.
इतर ठेवल्यास समोर माणूस बसावा.
माणसानं उठू नये.
हे शेवटचं वाक्य कायद्याच्या भाषेतलं नाही,
वरच्या कुणीतरी खोडायला हवं होतं.
राहून गेलं.

जाताना शेरा दिला:
आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपली आहे,
तीस दिवसांत बदलणे.
पेटी: ठीक.
सही उजव्या हातानं केली, जरा वाकडी आली.

हप्ते अजून नऊ राहिलेत.
पेटीत मी आता टॉवेल ठेवते,
चांगले गरम होतात, तक्रार नाही.
दिवसाला आठ कुत्री व्हायची, ती पाच होतात.
विकणाऱ्याचा फोन मी उचलत नाही.

आबुर्तो मास्तरांचा म्हातारा पूडल टेबलावर थरथरतोय.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात मी.
त्याच्या काखेत बोटं घालते.
अजून ओल आहे.
बाहेर लाकडांचा ट्रक हॉर्न वाजवतोय,
माझ्याच नावाची पावती असेल.
वाजवू दे.